निक फाल्डोची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोल्फचे शब्द नवे असतील तर दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करा, मग मागे या. स्कोअर, वर्षं आणि मैदानं यांत रस असणाऱ्यांनी सरळ मेजर स्पर्धांच्या प्रश्नांकडे जावं.

निक फाल्डो कोण?

इंग्लंडचा व्यावसायिक गोल्फपटू. जन्म १८ जुलै १९५७, हर्टफर्डशायरमधलं वेल्विन गार्डन सिटी. सहा मेजर स्पर्धा त्याच्या नावावर आहेत: ओपन चॅम्पियनशिप १९८७, १९९० आणि १९९२ मध्ये, मास्टर्स १९८९, १९९० आणि १९९६ मध्ये. युरोपियन टूरवर, म्हणजे युरोपातल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, ३० विजेतेपदं; अमेरिकेच्या तशाच पीजीए टूरवर ९. या दोन आकड्यांची बेरीज करून ३९ म्हणण्याची चूक बरेच जण करतात. काही विजेतेपदं दोन्ही याद्यांत येतात, त्यामुळे ती बेरीज चालत नाही.

पार, बर्डी, बोगी, मेजर, लिंक्स: हे शब्द नेमके काय?

होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून चेंडू भोकात जाईपर्यंतचा एक टप्पा. प्रत्येक होलसाठी ठरलेल्या फटक्यांची संख्या म्हणजे पार, बहुधा तीन, चार किंवा पाच. एक फटका कमी लागला तर बर्डी, दोन कमी लागले तर ईगल. एक जास्त लागला तर बोगी, दोन जास्त लागले तर डबल बोगी. १८ होलची एक फेरी आणि मोठ्या स्पर्धेत चार दिवसांत चार फेऱ्या. सगळ्यात कमी फटके घेणारा जिंकतो. क्रिकेटची सवय असलेल्यांना सुरुवातीला हे उलटं वाटतं.

पुरुषांच्या मेजर स्पर्धा चार: मास्टर्स, यूएस ओपन, ओपन चॅम्पियनशिप आणि पीजीए चॅम्पियनशिप. यांपैकी मास्टर्स दर वर्षी ऑगस्टा नॅशनल या एकाच मैदानावर होते, बाकीच्यांची मैदानं बदलतात. लिंक्स म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या जमिनीवरचं मैदान. जमीन कडक, झाडं जवळजवळ नाहीत, वारा भरपूर आणि बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, खोल. ओपन नेहमी लिंक्सवरच होते. क्लब म्हणजे चेंडू मारायची काठी; खेळाडूला पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. आयर्न म्हणजे धातूच्या पात्याचा क्लब. त्याचा आकडा जितका लहान, तितका चेंडू खालून आणि लांब जातो. म्हणून २ आयर्न हा फार अवघड क्लब मानला जातो.

त्याने गोल्फ कधी सुरू केला?

तेराव्या वर्षी. १९७१ च्या एप्रिलमध्ये टीव्हीवर मास्टर्स चालू होती आणि त्यात जॅक निकलसला पाहून त्याने हा खेळ शिकायचं ठरवलं. गंमत म्हणजे निकलस त्या वर्षी जिंकलाच नव्हता, चार्ल्स कूडी जिंकला होता. व्यावसायिक होणारे बहुतेक खेळाडू सहाव्या-सातव्या वर्षी क्लब हातात घेतात. त्या मानाने ही सुरुवात उशिराचीच.

वेल्विन गार्डन सिटीच्या क्लबवर इयन कॉनेली हा प्रशिक्षक त्याला मिळाला. चार वर्षांनी, म्हणजे १९७५ मध्ये, फाल्डो इंग्लिश अमॅच्युअर विजेता होता. त्यानंतर अमेरिकेतल्या ह्यूस्टन विद्यापीठात तो गेला खरा, पण काही आठवड्यांतच परतला आणि १९७६ मध्ये व्यावसायिक झाला. पुढच्याच वर्षी, वयाच्या विसाव्या वर्षी, तो रायडर कपच्या, म्हणजे अमेरिकेविरुद्धच्या सांघिक स्पर्धेच्या, संघात होता. तिथे तिन्ही सामने जिंकताना एकेरीत त्याने टॉम वॉटसनला हरवलं. त्याच वर्षी मास्टर्स आणि ओपन दोन्ही जिंकलेला वॉटसन, हे लक्षात घ्या.

चांगलं चाललेलं असताना त्याने स्विंग का बदलला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. (स्विंग म्हणजे क्लब फिरवून चेंडू मारण्याची सगळी हालचाल.) १९८३ मध्ये फाल्डोने युरोपियन टूरवर पाच स्पर्धा जिंकल्या आणि ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये, म्हणजे टूरच्या वार्षिक क्रमवारीत, पहिला आला. १९८४ मध्ये हिल्टन हेडला हेरिटेज क्लासिक जिंकून अमेरिकेतलंही खातं उघडलं. असा खेळाडू सगळं मोडून पुन्हा बांधायला का घेतो? शतकं ठोकणाऱ्या फलंदाजाने ऐन भरात पकड आणि स्टान्स दोन्ही बदलायला घ्यावेत, तसाच हा प्रकार.

कारण मेजरच्या शेवटच्या दिवशी दिसलं. १९८३ ची रॉयल बर्कडेलवरची ओपन आणि १९८४ ची मास्टर्स, दोन्ही वेळा संधी जवळ असताना तो मागे पडला. इंग्लिश वर्तमानपत्रांनी फाल्डोचं 'फोल्डो' करून टाकलं, म्हणजे ऐन वेळी दुमडणारा. लोकांना हा मनाचा कमकुवतपणा वाटला. फाल्डोचा निष्कर्ष वेगळा होता: दोष मनापेक्षा यंत्रणेत आहे. जो स्विंग नेमक्या वेळेवर अवलंबून असतो, तो दडपणाखाली पहिला बिघडतो, कारण दडपणात सगळ्यात आधी वेळच चुकते. पुढची सगळी कारकीर्द या एका विचारावर उभी आहे.

जुन्या स्विंगमध्ये नेमकं काय चुकत होतं?

दिसायला तो सुंदर होता. सहा फूट तीन इंच उंची, लांब हात, लयदार आणि मोठा बॅकस्विंग (क्लब मागे-वर नेण्याची हालचाल). पण क्लब फार उभ्या रेषेत वर जायचा आणि खाली येताना पाय जोरात पुढे सरकायचे. हात मागे पडायचे आणि शेवटच्या क्षणी मनगटांना क्लब वळवून चेंडूवर सरळ आणावा लागायचा. फटका संपताना पाठ मागे वाकून इंग्रजी सी अक्षर उलटं धरल्यासारखी व्हायची. त्या काळात ती फॅशनच होती, कमरेला मात्र जड.

परिणाम दोन. पहिला म्हणजे चेंडू उंच जायचा आणि त्याला मागची फिरकी जास्त मिळायची. शांत हवेत ठीक, पण लिंक्सवरच्या वाऱ्यात असा चेंडू वर तरंगतो आणि अंतर कळेनासं होतं. दुसरा म्हणजे दिशा मनगटांच्या वेळेवर ठरायची. वेळ थोडी लवकर तर डावीकडे, थोडी उशिरा तर उजवीकडे.

डेव्हिड लेडबेटरने काय बदललं?

लेडबेटर हा स्विंग शिकवणारा प्रशिक्षक. १९८५ पासून त्याने आणि फाल्डोने पद्धतशीर काम सुरू केलं. मुख्य बदल असे. बॅकस्विंग आखूड केला आणि मनगटं लवकर वाकवायला लावली, म्हणजे वर गेल्यावर क्लब डगमगत नाही. डाव्या हाताचा कोपराखालचा भाग थोडा फिरवून क्लब जास्त आडव्या रेषेत आणला. उजव्या गुडघ्याचा बाक शेवटपर्यंत टिकवला, त्यामुळे कंबर आणि खांदे यांच्यात पीळ तयार होतो. खाली येताना पायांची घसरण कमी केली आणि छाती-पोट फिरवून हातांना बरोबर नेलं. तत्त्व एकच: मोठ्या स्नायूंनी लहान स्नायूंना चालवायचं. मनगटांवरचं काम काढून धडावर टाकायचं.

याला वेळ किती लागला?

दोन वर्षांहून थोडा जास्त. मे १९८४ मधल्या कार केअर प्लॅन इंटरनॅशनलनंतर पुढचा विजय थेट मे १९८७ मध्ये, लास ब्रिसासवर झालेल्या स्पॅनिश ओपनमध्ये. मधल्या काळात रोज शेकड्यांनी चेंडू मारणं, हाताला फोड, आणि स्पर्धांत साधारण निकाल.

इतका वेळ का लागतो, हे समजून घेण्यासारखं आहे. नवी हालचाल सरावात दोन आठवड्यांत जमू शकते. पण स्पर्धेत घाई झाली की शरीर जुन्या वाटेने जातं. मग अर्धा जुना, अर्धा नवा असा स्विंग तयार होतो, आणि तो दोन्हींपेक्षा वाईट असतो. बहुतेक जण या टप्प्यावर सोडून देतात आणि जुनंही गमावून बसतात. फाल्डो या टप्प्यातून पार झाला, कारण निकाल बिघडत असतानाही त्याने एकाच शिक्षकाचं ऐकलं.

त्याचा एखादा सराव आपण करू शकतो का?

हो. मनगटं आधी वाकवून ठेवण्याचा सराव या दोघांमुळेच प्रसिद्ध झाला. उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी तो असा. ७ किंवा ८ आयर्न घ्या आणि नेहमीसारखे उभे राहा. हात फारसे न हलवता फक्त मनगटं वाकवा. क्लबची दांडी जमिनीला समांतर आणि लक्ष्याच्या रेषेलाही समांतर आली पाहिजे, क्लबचं टोक वर. इथे थांबा. आता हातांनी काहीही न करता फक्त खांदे फिरवा, पाठ लक्ष्याकडे होईपर्यंत. पुन्हा क्षणभर थांबा, उजवा गुडघा वाकलेलाच आहे ना ते बघा, आणि मग चेंडू मारा.

पहिले दहा चेंडू अर्ध्या ताकदीने मारा. चुका साधारण तीन होतात. मनगटं वाकवताना क्लब शरीरापासून दूर जातो, मग चेंडू कापला जाऊन उजवीकडे वळतो. खांदे थांबल्यावरही हात वर उचलले जातात, मग बॅकस्विंग पुन्हा पूर्वीसारखा लांब. आणि उजवा पाय ताठ होतो, मग पीळ सुटतो आणि चेंडूच्या आधी जमीन लागते. तिसरी चूक स्वतःला कळत नाही. मोबाइल कंबरेच्या उंचीवर, पाठीमागून लक्ष्याच्या रेषेत ठेवून चित्रण करा.

१८ होल, १८ पार: ही गोष्ट खरी आहे?

खरी आहे. १९ जुलै १९८७, म्युरफील्ड, ओपनची शेवटची फेरी. थंडी, धुकं, ओलावा. फाल्डोने १८ पैकी १८ होल पारमध्ये खेळले आणि ७१ वर फेरी संपवली. चार फेऱ्या ६८, ६९, ७१, ७१, एकूण २७९. पॉल एझिंजर आणि रॉजर डेव्हिस यांच्यापेक्षा एक फटका कमी.

एकही बर्डी नाही म्हणजे कंटाळवाणा खेळ, असा आरोप तेव्हाही झाला, आजही होतो. पण म्युरफील्डची रचना बघा. पहिले नऊ होल बाहेरच्या बाजूने घड्याळाच्या दिशेने जातात, पुढचे नऊ आतून उलट दिशेने. त्यामुळे वारा सतत वेगळ्या कोनातून येतो आणि एका वाऱ्याची सवय होतच नाही. बंकर खोल, भिंतीसारखे उभे. अशा दिवशी अठरा पार म्हणजे अठरा वेळा अपघात टाळणं. त्यांतले काही पार तर बंकरमधून चेंडू काढून, मग एका पटमध्ये, म्हणजे चेंडू जमिनीवरून भोकाकडे घरंगळवणाऱ्या एका फटक्यात, वाचवलेले होते.

एझिंजरचं काय झालं ते पाहिलं की फरक कळतो. दोन होल उरले असताना तो एका फटक्याने पुढे होता. सतरावा पार पाचचा. तिथे त्याने ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) काढला आणि चेंडू फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या मुख्य वाटेच्या, बंकरमध्ये गेला. बोगी. अठराव्यावर दुसरा फटका ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) डावीकडच्या बंकरमध्ये, पुन्हा बोगी. फाल्डोने अठराव्यावर ५ आयर्नने ग्रीन गाठलं, पहिला लांबचा पट भोकाच्या साधारण पाच फूट पुढे गेला आणि परतीचा त्याने घातला. त्या पाच फुटांसाठीच दोन वर्षांचा खटाटोप होता, असं म्हटलं तर फार चूक नाही.

१९८९ आणि १९९० च्या मास्टर्स तो नशिबाने जिंकला का?

दोन्ही वेळा प्लेऑफ (बरोबरी फोडण्यासाठी जादा होल) झाला आणि दोन्ही वेळा समोरच्याने चूक केली, म्हणून हा प्रश्न येतो. १९८९ मध्ये स्कॉट हॉकने प्लेऑफच्या पहिल्या होलवर, म्हणजे दहाव्यावर, जेमतेम अडीच फुटांचा पट चुकवला. तो गेला असता तर स्पर्धा तिथेच संपली असती. पुढच्या अकराव्या होलवर अंधारून येत असताना फाल्डोने सुमारे २५ फुटांवरून बर्डीचा पट घातला.

नशीब म्हणायचं तर एवढंच. पण तिसऱ्या फेरीत ७७ मारून बसलेल्या माणसाने शेवटच्या फेरीत ६५ मारले, म्हणून तो प्लेऑफपर्यंत पोहोचला. त्या फेरीआधी त्याने पटर, म्हणजे पट मारायचा क्लब, बदलला होता. हा बारीक तपशील आहे, पण महत्त्वाचा. स्विंगला हात न लावता फक्त बिघडलेलं हत्यार बदलायचं, हा निर्णय बरोबर ठरला.

१९९० मध्ये शेवटच्या फेरीची सुरुवातच पहिल्या होलवर डबल बोगीने झाली. सहा होल उरले असताना तो रेमंड फ्लॉइडच्या चार फटके मागे होता. तेरा, पंधरा आणि सोळा या होलवर बर्डी, इकडे फ्लॉइडची सतराव्यावर बोगी, आणि दोघेही २७८ वर बरोबरीत. प्लेऑफमध्ये अकराव्यावर फ्लॉइडचा दुसरा फटका डावीकडच्या तळ्यात गेला. लागोपाठ दोन वर्षं मास्टर्स जिंकणारा तो दुसराच खेळाडू, पहिला निकलस. अकराव्याचा तो फटका कुठल्याही खेळाडूचा घाम काढतो. फाल्डो दोन्ही वर्षी तिथे ग्रीनवर होता.

त्याची सगळ्यात चांगली स्पर्धा कोणती?

आमच्या मते १९९० ची सेंट अँड्र्यूजची ओपन. ६७, ६५, ६७, ७१, एकूण २७०, पारपेक्षा १८ कमी. पेन स्टुअर्ट आणि मार्क मॅकनल्टी पाच फटके मागे. पारच्या तुलनेतला ओपनचा हा विक्रम २००० साली टायगर वुड्सने तिथेच १९ कमी मारून मोडला.

खरा सामना शनिवारी झाला. दोन फेऱ्यांनंतर फाल्डो आणि ग्रेग नॉर्मन दोघेही १३२ वर होते आणि तिसरी फेरी एकत्र खेळले. फाल्डो ६७, नॉर्मन ७६. नऊ फटक्यांचा फरक एका दुपारी. ओल्ड कोर्सवर लांब मारण्यापेक्षा कुठल्या बाजूने ग्रीनकडे यायचं याला महत्त्व असतं, कारण बरीच ग्रीन दोन होलमध्ये वाटलेली आणि प्रचंड मोठी आहेत. ग्रीन गाठणं सोपं, योग्य भागात चेंडू ठेवणं अवघड. फाल्डोच्या अंतरावरच्या ताब्याला यापेक्षा योग्य मैदान नव्हतं.

१९९२ मध्ये तो जवळजवळ हरला होता म्हणतात?

हो. म्युरफील्डच. पहिल्या दोन फेऱ्या ६६ आणि ६४. शेवटच्या दिवशी चार फटक्यांची आघाडी घेऊन उतरला आणि अकरा, तेरा, चौदा या होलवर फटके गमावत जॉन कुकच्या मागे पडला. मग पंधराव्यावर ५ आयर्नचा अर्धा फटका भोकापासून तीनेक फुटांवर, बर्डी. सतराव्यावर दोन फटक्यांत ग्रीन, दोन पट, बर्डी. कुकने मात्र सतराव्यावर अगदी जवळचा बर्डीचा पट चुकवला आणि अठराव्यावर बोगी केली. फाल्डो २७२, कुक २७३.

बक्षीस घेताना फाल्डोने पत्रकारांचे हृदयाच्या तळापासून आभार मानण्याऐवजी शब्द उलटवून बुडाचा उल्लेख केला. इंग्लिश पत्रकारांशी त्याचं कधी जमलं नाही. हा विनोद कमी आणि हिशोब जास्त होता.

फॅनी सुनेसन कोण? कॅडीचं काम इतकं महत्त्वाचं असतं का?

स्वीडनची कॅडी. १९९० पासून ते दशक जवळजवळ संपेपर्यंत फाल्डोची पिशवी तिच्याकडे होती. १९९० च्या मास्टर्सनंतर पुरुषांची मेजर जिंकून देणारी ती पहिली महिला कॅडी ठरली. आधीच्या दोन मेजरना अँडी प्रॉजर त्याच्याबरोबर होता.

कॅडी म्हणजे फक्त पिशवी वाहणारा असा आपल्याकडे समज आहे. मोठ्या स्पर्धेतला कॅडी सकाळी ग्रीनवरच्या झेंड्यांच्या जागा टिपून घेतो, बंकरच्या पुढच्या कडेपर्यंत आणि मागच्या कडेपर्यंत अंतरं सांगतो, वाऱ्यासाठी क्लब एकाने वर घ्यायचा की नाही यावर मत देतो. फाल्डोसारख्या खेळाडूला, ज्याचं सगळं भांडवल अंतराच्या अचूकपणात होतं, पाच यार्डांची चूक महागात पडली असती.

१९९६ ची मास्टर्स नॉर्मन हरला की फाल्डो जिंकला?

दोन्ही. शेवटच्या फेरीच्या सुरुवातीला नॉर्मन सहा फटक्यांनी पुढे. शेवटी फाल्डो पाचने पुढे. म्हणजे १८ होलमध्ये ११ फटक्यांची उलटापालट: फाल्डो ६७, नॉर्मन ७८.

हिशोब होलवार बघितला तर चित्र स्पष्ट होतं. आठ होल झाल्यावर आघाडी सहावरून तीनवर आली होती. त्यात फाल्डोच्या बर्डींचा मोठा वाटा होता. नवव्यावर नॉर्मनचा फटका ग्रीनच्या पुढच्या भागावर पडून फिरकीने मागे घरंगळत उतारावर आला. बोगी. दहाव्यावर बोगी, अकराव्यावर तीन पट आणि बोगी. बरोबरी. बाराव्या छोट्याशा पार तीनवर चेंडू पाण्यात, डबल बोगी. चार होलमध्ये पाच फटके गेले आणि तेवढ्यात फाल्डोने चारही होल पारमध्ये खेळले. हीच १९८७ ची पद्धत.

निर्णायक फटका आम्ही तेराव्यावरचा मानतो. पार पाच, ग्रीनसमोर ओढा. फाल्डोने आधी ५ वुड (लांब मारायचा, जाड डोक्याचा क्लब) काढला. चेंडू उतारावर होता, वुडचा तळ तिथे नीट बसत नव्हता. बराच वेळ घेऊन त्याने तो परत ठेवला, २ आयर्न काढला आणि चेंडू ग्रीनवर घातला. दोन पट, बर्डी. नॉर्मननेही तिथे बर्डी केली, पण आघाडी तशीच राहिली. सोळाव्यावर नॉर्मन पुन्हा पाण्यात गेला आणि विषय संपला. शेवटच्या पटनंतर फाल्डोने नॉर्मनला मिठी मारली. 'फोल्डो' म्हणणाऱ्यांना तो माणूस त्या दिवशी वेगळा दिसला.

कोणत्या मेजर त्याला मिळाल्या नाहीत?

यूएस ओपन आणि पीजीए चॅम्पियनशिप. १९८८ च्या यूएस ओपनमध्ये, ब्रुकलाइनला, कर्टिस स्ट्रेंजबरोबर १८ होलचा प्लेऑफ खेळून तो हरला (७१ विरुद्ध ७५). १९९० मध्ये मेडिना इथे एका फटक्याने प्लेऑफ हुकला.

रायडर कपमध्ये त्याची कामगिरी?

खेळाडू म्हणून उत्तम. १९७७ ते १९९७, सलग ११ वेळा. ४६ सामने: २३ विजय, १९ पराभव, ४ बरोबरीत. २५ गुणांचा त्याचा विक्रम २०१८ मध्ये पॅरिसजवळ सर्जिओ गार्सियाने मोडला. १९८७ मध्ये इयन वूसनमबरोबर जोडीने खेळलेल्या चार सामन्यांत एकही पराभव नाही. १९९३ मध्ये बेल्फ्रीला चौदाव्यावर एझिंजरविरुद्ध एका फटक्यात होल. १९९५ मध्ये ओक हिलला स्ट्रेंजविरुद्ध शेवटच्या होलवर ९३ यार्डांवरून वेजने (जवळून उंच मारायच्या क्लबने) चेंडू भोकापासून सुमारे चार फुटांवर, आणि तो पट घालून सामना एकने जिंकला. युरोपने तो कप १४½ विरुद्ध १३½ असा घेतला. त्या एका फटक्याचं वजन यावरून कळेल.

कर्णधार म्हणून गोष्ट निराळी. २००८, व्हॅलहॅला, युरोपचा १६½ विरुद्ध ११½ असा पराभव. अमेरिकेचा कर्णधार पुन्हा एझिंजरच. फाल्डोवर टीका दोन गोष्टींवरून झाली: शनिवारी सकाळी गार्सिया आणि ली वेस्टवूड दोघांनाही बसवलं, आणि रविवारी एकेरीत पाड्रिग हॅरिंग्टन, वेस्टवूड आणि इयन पोल्टर यांना शेवटी ठेवलं. त्यांची पाळी येईपर्यंत निकाल लागून गेला होता. पोल्टरची निवड मात्र वादग्रस्त असूनही बरोबर ठरली, संघात सर्वाधिक गुण त्याचेच. एकट्याने सगळं ठरवायची सवय असलेला माणूस बारा जणांना सांभाळायला लागला की काय होतं, याचा हा नमुना.

बालीला त्याला बाद का केलं?

१९९४ ची आशियातली स्पर्धा. तिसऱ्या फेरीत त्याने बंकरमधून चेंडूजवळचा प्रवाळाचा तुकडा उचलला. युरोपियन टूरवर स्थानिक नियमाने बंकरमधले दगड काढता येत होते, तिथे तो नियम लागू नव्हता. दंड दोन फटक्यांचा, पण तो न धरता त्याने स्कोअरकार्डवर सही केली होती. चुकीच्या कार्डाची शिक्षा म्हणजे बाद. शेवटच्या फेरीत सहा फटक्यांनी पुढे असताना हे उघड झालं आणि तो मैदानाबाहेर गेला.

आज असं घडलं नसतं. २०१९ पासून बंकरमधले सुटे दगड, पानं, काड्या काढता येतात, फक्त ते काढताना चेंडू हलता कामा नये. हलला तर एक फटका दंड आणि चेंडू जागेवर परत. दंड झाला हे माहीत नसताना कार्डावर सही केली तरी आता बाद करत नाहीत, फटके वाढवतात. आपल्याकडच्या क्लब स्पर्धांत अजूनही जुना नियम धरून वाद घालणारे भेटतात. त्यांना नियम क्रमांक १२.२ दाखवा.

'सर' ही पदवी कधी मिळाली? जागतिक क्रमवारीत तो कुठे होता?

नाइटहुड २००९ मध्ये, गोल्फच्या सेवेसाठी. त्याआधी १९८८ मध्ये एमबीई हा ब्रिटिश सन्मान. सप्टेंबर १९९० मध्ये तो पहिल्यांदा जगात अव्वल झाला आणि एकूण नव्वदहून अधिक आठवडे तिथे राहिला. १९९२ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट दुसऱ्यांदा. पीजीए टूरवरचा शेवटचा विजय १९९७ ची निस्सान ओपन, लॉस एंजेलिसचं रिव्हिएरा मैदान. १९९८ मध्ये डेव्हिड कार्टरबरोबर इंग्लंडला विश्वचषक मिळवून दिला, देशाचा पहिलाच.

खेळ थांबल्यावर त्याने काय केलं?

अमेरिकन टीव्हीवर समालोचन. आधी एबीसी, तिथे शेजारच्या खुर्चीत पुन्हा एझिंजर. नंतर ऑगस्ट २०२२ पर्यंत सीबीएसचा मुख्य विश्लेषक. मैदानावर चकार शब्द न काढणारा हा खेळाडू माइकसमोर गप्पिष्ट निघाला, याचं जुन्या प्रेक्षकांना नवल वाटलं. १९९६ मध्ये त्याने कुमारांसाठी फाल्डो सिरीज सुरू केली. रोरी मॅकिलरॉय त्यात खेळूनच पुढे आला. मैदानांची आखणीही तो करतो: केंटमधलं चार्ट हिल्स, कंबोडियात सिएम रीपजवळचं अंगकोर, व्हिएतनाममधलं लागुना.

इंग्लिश खेळाडूंमध्ये त्याचा क्रमांक कितवा?

मेजरच्या संख्येने पहिला. जे. एच. टेलर पाच, हेन्री कॉटन तीन, टोनी जॅकलिन दोन. सात मेजर जिंकलेला हॅरी वॉर्डन जर्सी बेटाचा, आणि जर्सी म्हणजे इंग्लंड नव्हे, हे वाद घालण्यापूर्वी लक्षात ठेवा. फाल्डोनंतर जस्टिन रोझ (२०१३), डॅनी विलेट (२०१६) आणि मॅट फिट्झपॅट्रिक (२०२२) यांनी एकेक मेजर घेतली. पण १९९२ नंतर २०२५ पर्यंत एकाही इंग्लिश खेळाडूने ओपन जिंकलेली नाही.

जुनी चित्रणं बघायची असतील तर कशापासून सुरुवात करावी?

आधी १९८३-८४ च्या सुमाराचा एखादा स्विंग आणि लगेच १९९० चा, दोन्ही हळू गतीने. उजवा गुडघा आणि वर गेल्यावर क्लबची लांबी, एवढंच बघा. मग १९९६ ची शेवटची फेरी, नवव्यापासून पुढे. नॉर्मनकडे बघू नका, डोळे तिकडेच जातील तरी. फाल्डो प्रत्येक फटक्याआधी किती वेळ घेतो, चालण्याचा वेग कधी बदलतो का, हे पाहा. तेराव्यावर ५ वुड परत पिशवीत जातो, तो क्षण चुकवू नका.